आधी वही आण

अनेक आशीर्वाद.

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ब्रूनोची मूत्रपिंडं, आईचा गुडघा, धाकट्याची बारावी, स्वयंपाकाच्या मावशी गावी गेलेल्या, बाबांची चिडचिड, आणि शेवटी एकच ओळ: "काका, मी आता नेमकं काय करू?" धीर धर वगैरे लिहीत बसत नाही. ब्रूनो कुत्रा असला तरी घरातलाच आहे, हे आपण एकमेकांना पटवायची गरज नाही. सरळ कामाचं सांगतो. शंभर पानी वही आण आणि आजपासून लिहायला लाग.

मोबाईलमध्ये नको. मोबाईल तुझ्याबरोबर हिंजवडीला जातो, ब्रूनो दिवसभर धायरीत असतो. वही फ्रिजवर ठेव, पेन दोऱ्याने तिलाच बांध. ज्या वेळी जो घरात असेल, त्याने लिहायचं. पाणी किती प्यायला, काय खाल्लं आणि काय हुंगून सोडलं, उलटी झाली का, कोणती गोळी किती वाजता पोटात गेली. आठवड्यातून एकदा वजन. त्याला उचलून काट्यावर उभी राहा आणि तुझं वजन वजा कर. पाणी अंदाजाने लिहू नकोस. सकाळी मापाच्या जगने भांडं भरायचं, दिवसभरात जितकं ओतलं तितकं मांडायचं, रात्री उरलेलं वजा करायचं. कुत्र्याने दिवसाला वजनाच्या किलोमागे 100 मिलिपेक्षा जास्त पाणी पिणं हे प्रमाणाबाहेर धरतात. ब्रूनो 30 किलोचा, म्हणजे 3 लिटर. "हल्ली जरा जास्तच पितोय" या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग नाही, आकड्याचा आहे.

"मला आधी कसं कळलं नाही" हे तू तीनदा लिहिलंयस. कळणार कसं? रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं, तोवर मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. तोपर्यंत कुत्रा खातो, खेळतो, दारावरची बेल वाजली की भुंकतो. तेव्हा ते रडगाणं आता बंद कर. तुझ्या रिपोर्टमध्ये ते 4.1 आहे, म्हणजे या आजाराच्या चार पायऱ्यांतली तिसरी. पण रक्त घेतलं तेव्हा दोन दिवस उलट्या होत होत्या ना? अंगातलं पाणी कमी असलं की हा आकडा चढाच येतो. सलाईन होऊन तब्येत स्थिरावली की परत तपासायला सांग.

आता बाबा. हॉलमध्ये शू होते म्हणून ते रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवतात, हे तू जाता जाता लिहिलंस. ते वाचून मी उठून उभाच राहिलो! भांडं उचलायचं नाही. रात्री नाही, पाहुणे आले तरी नाही. पाणी जास्त पितो म्हणून शू जास्त होते, असं बाबांना वाटतं. गोष्ट उलटी आहे. मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, ते वाहून जातं, म्हणून बिचारा पितो. भांडं काढलंस तरी शू व्हायची ती होतेच, वर अंग कोरडं पडतं आणि उरलेली मूत्रपिंडंही लवकर जातात. बाबांशी वाद घालू नकोस, वही त्यांच्याच हातात दे. रात्रीचं पाणी आणि पहाटेचा फेरा, या दोन नोंदी त्यांच्या. माणूस स्वतःच्या अक्षरात लिहायला लागला की त्याला दिसायला लागतं. हॉलमध्ये जुन्या चादरी टाका. फरशी पुसता येते.

आजीला मात्र तूच सांग, प्रेमाने सांग आणि स्पष्ट सांग. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याच्या तोंडात जाता कामा नयेत. द्राक्षं आणि बेदाणे धडधाकट कुत्र्याचीही मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. पापड, लोणचं, पनीर, हाडंही बंद. आणि लंगडतोय म्हणून आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांतली अर्धी त्याला कुणी देऊ नका. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही, मावशी परत आल्या की त्यांनाही वाचून दाखव.

खर्च मागच्या पानापासून लिहीत ये. तपासण्या, सलाईन, रिक्षा, सगळं. तू तुझ्या पगारातून गुपचूप भरतेयस आणि बाबांना दुसऱ्या कुणाकडून कळतं. तुमच्याकडची निम्मी भांडणं त्यातून होतायत. महिन्याला किती झेपेल ते चौघांनी बसून बोला, तो आकडा लिहा आणि डॉक्टरांनाही सांगा. आकडा कळला की ते त्यात बसेल असं बघतात. पैशाचं बोलल्याने माया कमी होत नाही.

तू विचारलं नाहीस, पण मनात आहे ते माहीत आहे मला. थांबायचं कधी? तेही वहीच सांगेल. आमच्या कुत्र्याच्या, मोतीच्या वेळी मी हेच केलं. अजूनही दादा म्हणतो, "तू वहीत बघून त्याचा जीव घेतलास." त्याला एवढंच आठवतं, की त्या सकाळी मोतीने शेपटी हलवली होती. हलवली होतीच. मला बघून तो शेवटपर्यंत शेपटी हलवणारच होता, तो त्याचा स्वभाव होता, ती तब्येत नव्हती. आधीची पानं दादाने वाचलीच नाहीत. खाल्लं नाही. पाणी उलटून पडलं. उठवून उभं केलं, बसला. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. मी ती पानं भरली होती, म्हणून निर्णय घेऊ शकलो, आणि पुन्हा वेळ आली तर तसाच घेईन. तुझी काकू फोनवर होती, मुलीच्या बाळंतपणासाठी लातूरला. मी तिला पानं वाचून दाखवली आणि ती "हो" म्हणाली. तिला तिथे असता आलं नाही, ही सल मात्र जात नाही.

म्हणून आजच, तो बरा असताना, त्याच्या आवडीच्या गोष्टी लिहून ठेव. दुधाच्या पिशवीच्या आवाजाला उठणं, गेटपर्यंतचा फेरा, धाकट्याच्या अभ्यासाच्या खुर्चीखाली झोपणं. रोज त्यांच्यापुढे खूण करा. तो निर्णय कधी आलाच, तर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग दुसरं, कायमचं झोपवणारं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. हे आधीच माहीत असू दे. पण ते पुढचं. तिसऱ्या पायरीवरचे बरेच कुत्रे नीट सांभाळले तर चांगले महिने काढतात, काही त्याहून जास्त. ते महिने रडण्यात घालवू नकोस, लिहिण्यात घाल.

घरी सलाईन द्यायला डॉक्टरांनी सांगितलंय आणि तुझे हात कापतात. रविवारी दहाला येतो. बाटली खिडकीच्या ग्रिलला टांगायची, त्याआधी कोमट पाण्यात ठेवायची. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरली की खाली पोकळी होते, सुई तिथे. पाठीवर उंचवटा येईल, काही तासांत जिरेल, घाबरायचं नाही. झोपेत मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास मोजले गेले, तर मात्र सलाईन न लावता आधी डॉक्टरांना फोन करायचा. तेही वहीत लिही. गुरुवारी तुमच्याकडे पाणी बंद असतं, बुधवारी रात्री त्याची एक कळशी वेगळी भरून ठेव.

रविवारी मी आल्यावर आधी वही बघणार आहे.

तुझा,
काका