नवीन फोटो स्टुडिओसाठी क्रॅक केलेलं फोटोशॉप टाकलं तर खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की ओळखीतला एक जण पेनड्राइव्हवरून क्रॅक टाकून देतोय, फक्त आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतोय. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, आणि एवढ्या एका अटीवरूनच नको म्हणेन. क्रॅक म्हणजे परवान्याशिवाय चालावं म्हणून मूळ प्रोग्रॅममध्ये केलेला फेरफार, त्यामुळे अँटिव्हायरस त्याला हटकणारच. पण पहारेकरीच घरी पाठवल्यावर आत आणखी काय शिरलं, हे बघणार कोण?

2018 पासून स्टॉप-डिजेव्हीयू हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, अशा क्रॅकमधूनच पसरलं. ऐन लग्नसराईत माझ्याकडे एका फोटोग्राफरचं मशीन आलं. प्रत्येक फोटोच्या नावामागे चार अक्षरांचं नवीन शेपूट, एकही उघडेना. फोल्डराफोल्डरांत धमकीची टेक्स्ट फाइल: 980 डॉलर भरा, 72 तासांत भरलेत तर 490. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेलीच होती, तीही गेली. हे रॅन्समवेअर फाइलचा साधारण पहिला 150 केबी भागच लॉक करतं, म्हणून मोठे व्हिडिओ बरेचसे दुरुस्त झाले. फोटोंचं जमलं नाही. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचा फुकट डिक्रिप्टर (लॉक उघडणारा प्रोग्रॅम) 2019 पासून आहे, पण लॉक होताना नेट चालू असलं की किल्ली त्या मशीनपुरती वेगळी बनते आणि चोरांच्याच सर्व्हरवर राहते. त्याचं नेट चालू होतं. लग्नं लागून गेलेली, ते फोटो पुन्हा काढणार कसे?

सोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही येतो. लॉगिन असलेल्या खात्याची कुकी (ब्राउझरनं जपून ठेवलेली लॉगिनची खूण) त्याला मिळाली की ओटीपीही अनेकदा लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात: कॉपीराइट कायदा 1957, कलम 63-बी. जाणूनबुजून वापरलं तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. तुमचा तर धंदाच आहे.

सुरुवातीला फोटोपी वापरून बघा. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, अल्बमच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली उघडतं. जिम्प हे फुकट सॉफ्टवेअरही चांगलं, पण हात बसायला वेळ लागतो. काम वाढलं की परवाना घ्या.

आणि क्रॅक आधीच टाकून झाला असेल, तर त्या मशीनचं नेट आत्ताच काढा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, आणि विंडोज फॉरमॅट करूनच पुन्हा टाका.