पितळी पुंगळ्यांचे अनीलिंग : नवख्याने कधी करावे?

अमेरिकेत रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद तुम्ही नुकताच सुरू केला असेल, तर अनीलिंगचे, म्हणजे पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी नळीचा) गोळी धरणारा गळा तापवून पुन्हा मऊ करण्याचे, यंत्र आताच विकत घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगेन. सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले हे पितळ प्रत्येक बारामागे फुगते, डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) पुन्हा दाबले जाते आणि हळूहळू कडक होत जाते. त्यामुळे पुढे गळ्याला उभ्या चिरा पडतात आणि गोळीवरची पकड एकसारखी राहत नाही. एकदा-दोनदाच वापरलेल्या पुंगळीत हा दोष सहसा जाणवत नाही. महागड्या पुंगळ्या वारंवार भरू लागलात, की मात्र अनीलिंग नक्कीच फायद्याचे ठरते.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या आहेत :

- पुंगळी लालभडक होईपर्यंत तापवणे. अशाने गळा नको इतका मऊ पडतो.
- उष्णता बुडापर्यंत पोहोचू देणे. स्फोटाचा दाब बुडाला झेलायचा असतो. ते मऊ पडलेली पुंगळी वापरणे धोक्याचे असल्याने ती सरळ मोडीत काढा.
- भरलेले काडतूस किंवा जिवंत प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) असलेली पुंगळी ज्योतीजवळ नेणे. हे कधीही करू नका.

अमोनिया असलेले क्लीनरही टाळा. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना तडे जात, आणि घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया व पितळातील ताण यांमुळे ते घडत होते, हे 1921 मध्ये स्पष्ट झाले.

तूर्त प्रत्येक पुंगळी किती वेळा भरली याची नोंद ठेवा आणि दर वेळी गळा उजेडात निरखून पाहा.