सीझर नाव की पदवी? आणि बाळंतपणातलं 'सिझर' कुठून आलं?

तुम्ही विचारलंय की सीझर हे नाव आहे की पदवी, 'सम्राट ज्युलियस सीझर' लिहिलं तर चालतं का, आणि बायकांचं सिझर होतं तो शब्द याच्यावरूनच आलाय का.

'सम्राट ज्युलियस सीझर' लिहू नका, कारण तो सम्राट कधीच नव्हता. गायस हे त्याचं नाव, ज्युलियस हे कुळाचं आणि सीझर हे त्या कुळातल्या एका शाखेचं, म्हणजे आपल्या हिशेबाने आडनावच. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला तो तहहयात डिक्टेटर झाला आणि १५ मार्चला त्याचा खून झाला. डिक्टेटर हे रोममधलं रीतसर पद होतं, संकट आलं की नेमायचे आणि सहा महिन्यांत उतरायचं, याने मुदतच काढून टाकली.

आता नावाची पदवी कशी झाली ते बघा, मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. मृत्युपत्रात त्याने बहिणीच्या नातवाला, ऑक्टेव्हियसला, दत्तक घेतलं होतं. हा १८ वर्षांचा मुलगा लगेच स्वतःला गायस ज्युलियस सीझर म्हणवायला लागला आणि सीझरचे जुने सैनिक त्या नावासाठी त्याच्यामागे उभे राहिले, सीझरचा जुना साथीदार अँटनी तर त्याला म्हणालाच की पोरा, तुझ्याकडे जे काय आहे ते सगळं नावामुळे आहे. आणि ते खरंच होतं, म्हणूनच क्लिओपात्राचा मुलगा सिझेरियन, जो सीझरचा रक्ताचा मुलगा मानला जायचा, त्याला ऑक्टेव्हियसनेच इ.स.पू. ३० मध्ये मारायला लावलं, दोन सीझर परवडणारे नव्हते. इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने याला ऑगस्टस ही उपाधी दिली, आपण पहिला रोमन सम्राट म्हणतो तो हा.

त्याच्यानंतर तिबेरियस आणि कॅलिग्युलापर्यंत सीझर हे घरातलंच नाव राहिलं, पण इ.स. ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला आणि क्लॉडियस गादीवर आला, तो नात्यातला असला तरी सीझर घराण्यात जन्मलेला नव्हता की दत्तकही गेलेला नव्हता, तरी त्याने ते नाव लावलं. माझ्या मते आडनाव सुटून पदवी सुरू होते ती इथेच. पुढे ६८ मध्ये नीरोबरोबर घराणंच संपलं तरी गादीवर येणारे सीझर लावतच राहिले. आणि २९३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने तर दोन थोरले राज्यकर्ते ते ऑगस्टस आणि त्यांच्या हाताखालचे दोघे ते सीझर अशी चक्क हुद्द्यांची उतरंडच लावली. आपल्याकडे पेशवे हा हुद्दा होता त्याचं आडनाव झालं, तिकडे नेमकं उलटं झालं.

उच्चाराचं म्हणाल तर लॅटिनमध्ये तो 'कैसर'च्या जवळ जाणारा होता, 'सीझर' आपल्याकडे इंग्रजीतून आला. जर्मन कैसर, रशियन झार हे सगळे यातलेच, आणि १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला लावलेलं कैसर-ए-हिंद पण. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालेलं पदक आणि गांधीजींनी १९२० मध्ये परत केलेलं पदक, दोन्ही याच नावाची.

राहिलं बाळंतपणातलं सिझर. ज्युलियस सीझर पोट फाडून जन्मला ही गोष्ट खरी धरू नका. त्या काळात असं ऑपरेशन आई मेल्यावर किंवा मरणाच्या दारात असताना करायचे, आणि त्याची आई ऑरेलिया तर तो पन्नाशीकडे झुकेपर्यंत जिवंत होती. प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलंय ते त्या घराण्यातल्या पहिल्या सीझरबद्दल, की आईचं पोट कापून जन्मला म्हणून हे नाव पडलं, लॅटिनमध्ये 'काएदेरे' म्हणजे कापणे. ती व्युत्पत्तीसुद्धा पक्की मानत नाहीत, पण ऑपरेशनचं नाव त्या दंतकथेतून रुजलं एवढं म्हणता येईल.