आधी भिगवण, मग अंटार्क्टिका

अंटार्क्टिकाच्या सहली विकायच्यात म्हणतोस, छान. पण त्याआधी पहाटे पुण्यातून निघून भिगवणला जा. होडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघत दोन तास गप्प बसता येतं का, ते स्वतःचं स्वतः तपास. ज्याला ते जमत नाही, तो गिऱ्हाइकाला "पेंग्विन दिसतीलच हो" एवढंच सांगणार. कधी जायचं, ते सांगता आलं पाहिजे. नोव्हेंबरात कोरा बर्फ, डिसेंबर-जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआया बंदरातून निघालं की ड्रेक पॅसेज, म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा खवळलेला समुद्र, साधारण 2 दिवस. बोट लागते, मळमळतं, हे लपवू नकोस. (मी पहिल्या खेपेला आलेपाकाच्या वड्या घेऊन ऐटीत गेलो आणि सगळ्यांआधी आडवा झालो.) जहाज निवडताना भाव नंतर, प्रवासी किती ते आधी विचार. एका ठिकाणी एका वेळी 100 जणच किनाऱ्यावर उतरू शकतात आणि 500 च्या वर प्रवासी असले तर कुणालाच उतरता येत नाही.

आणि कपडे! सिंहगडावर घातलेलं जॅकेट लोक तसंच बॅगेत कोंबतात. तिथे परकं बी रुजू नये म्हणून उतरण्याआधी खिसे व्हॅक्यूमने साफ करतात, बुटांचे तळवे घासायला लावतात. आमच्या एका काकू तासभर चिमट्याने वेल्क्रोतली कुसळं वेचत बसल्या होत्या. सह्याद्रीचीच, दुसरी कुठली!

पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं. तोच चालत जवळ आला, तर मात्र आपण जागचं हलायचं नाही.