कॉग्निटिव्ह रेडिओ नेटवर्कमध्ये साधं एओडीव्ही राउटिंग का चालत नाही?

चालतं, पण लायसन्सवाला युजर (चॅनेलचा मूळ हक्कदार; कॉग्निटिव्ह रेडिओ त्याचा मोकळा चॅनेल तात्पुरता वापरतो) चॅनेलवर येईपर्यंतच. तो आला की आपल्या नोडला चॅनेल लगेच सोडावा लागतो, आणि एओडीव्हीला (गरज पडली की रूट शोधणारा प्रोटोकॉल, २००३ चं आरएफसी ३५६१ हे त्याचं स्पेसिफिकेशन) वाटतं लिंकच तुटली, मग रूट एरर (रूट तुटल्याचा मेसेज), परत सगळीकडे रूट रिक्वेस्टचा (नवा रूट शोधायच्या मेसेजचा) पूर, खरंतर नुसता चॅनेल बदलून काम भागलं असतं. दुसरं म्हणजे शेजारचे नोड वेगवेगळ्या चॅनेलवर असले तर रिक्वेस्ट ऐकणार कोण? म्हणून कॉमन कंट्रोल चॅनेल (सगळे नोड ऐकतात असा एक ठरलेला चॅनेल) धरतात, पण तोही कायम मोकळा मिळेलच असं नाही, रिसर्च पेपरवाले हे सोयीस्कर विसरतात 😅 रूट निवडताना नुसते हॉप (मधले टप्पे) मोजू नका, चॅनेल किती वेळ मोकळा राहतो आणि स्विचिंगला किती वेळ जातो ते मेट्रिकमध्ये (रूट निवडायच्या मापात) घ्या. सुरुवातीला सीएओडीव्ही (कॉग्निटिव्ह रेडिओसाठी बदललेलं एओडीव्ही) वाचा, सोपं पडेल.