१९७१ चं युद्ध आणि कॉलेजचा रॉक बँड : कादंबरीची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, ‘नागपुरात इतिहास शिकवतो. डिसेंबर १९७१, सीताबर्डीतल्या पोरांचा रॉक बँड, अशी कादंबरी डोक्यात आहे. सुरुवात कुठून करू?’

आधी तारखांची वही करा. ३ ते १६ डिसेंबर, दर दिवसाला एक पान, पानावर दोन रकाने : त्या दिवशी काय घडलं, आणि ते नागपुरात कुणाला, केव्हा, कशातून कळलं. कादंबरी दुसऱ्या रकान्यातून लिहायची. इतिहासाच्या शिक्षकाचा हात इथेच घसरतो. ढाक्यातली शरणागती त्याला पाठ असते, मग पात्रंही ४ तारखेपासूनच विजयी थाटात बोलू लागतात.

३ तारखेचं पान बघा. शुक्रवार. पाकिस्तानी विमानांचे हल्ले संध्याकाळचे, पण इंदिरा गांधींचं रेडिओवरचं भाषण मध्यरात्रीच्या सुमारास. ते ऐकणारं पात्र तोवर जागं हवं. मार्गशीर्ष पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळे ब्लॅकआउट दाखवलात तरी गल्लीत लख्ख चांदणं असणार. मिट्ट काळोख हवा असेल तर प्रसंग १५-१६ तारखेला न्या, तेव्हा अमावास्या तोंडावर होती. ४ तारखेला कुणाच्या हातात लोकमत देऊ नका, ते दैनिक नागपुरात १५ डिसेंबरला सुरू झालं. तरुण भारत किंवा हितवाद चालेल. पत्राच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशिवाय शरणार्थी मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट हवं, ते १५ नोव्हेंबरपासून लागू होतं. घरात रेडिओ असेल तर पोस्टाचा परवानाही असणार.

संगीतातली चूक वाचक लगेच पकडतात. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आणि सतारवादक रविशंकर यांचा बांगलादेशी शरणार्थींच्या मदतीसाठीचा न्यूयॉर्कमधला कार्यक्रम १ ऑगस्टचा, पण त्याचा तीन एलपी तबकड्यांचा संच खुद्द अमेरिकेतही शरणागतीनंतरच बाजारात आला. युद्ध चालू असताना तो तुमच्या पोरांकडे असूच शकत नाही. हॅरिसनचं त्याच विषयावरचं सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी, मात्र जुलैअखेरीस निघालं होतं.

तालमीचा प्रसंग वाद्यांच्या अंगाने लिहा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर बटण दाबताच वाजत नाही. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद जातात, वीज जाऊन आली की पुन्हा तेवढंच थांबायचं. दोघांत धुसफूस असेल तर ती या शांततेत घाला, मला याहून चांगली जागा दिसत नाही. डिसेंबरच्या रात्री गच्चीवर वाजवत असतील तर गिटारच्या पोलादी तारा थंडीने आखडून सूर चढतो. खुंटी किंचित सैल करावी लागते.

गाण्याचं नाव बेलाशक वापरा. ओळी उद्धृत करायच्या तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, ती मिळवण्यात महिने जातात. बँडची गाणी स्वतःच लिहा.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळताना नुसते मथळे उतरवू नका. जाहिरातींचं पानही घ्या : कोणत्या टॉकीजला काय लागलं होतं, खेळ किती वाजता सुटायचा, ट्रान्झिस्टर केवढ्याला होता. पोरांच्या खिशात किती पैसे ठेवायचे हे त्याशिवाय ठरत नाही.