भावाच्या रिपोर्टमधलं ‘मिथाइलेटेड’

प्रश्न : धाकट्या भावाच्या मेंदूतली गाठ काढली, ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा कर्करोग) निघाला. रिपोर्टमध्ये ‘एमजीएमटी मिथाइलेटेड’ लिहिलंय. हे वाईट आहे का?

उत्तर : ताई, उलट अशा रिपोर्टात मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधते. टेमोझोलोमाइड ही केमोथेरपीची गोळी गाठीतल्या पेशींचा डीएनए बिघडवते. एमजीएमटी हे प्रथिन तो बिघाड दुरुस्त करून पेशीला जगवतं. भावाच्या गाठीत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशीच मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटलेत. जनुकातली अक्षरं तीच, पण त्याला कुलूप लागलंय, त्यामुळे दुरुस्तीचं प्रथिन फारसं बनत नाही. म्हणून गोळी जास्त लागू पडते. २००५ च्या अभ्यासात अशा रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) नुसत्या रेडिएशनवर १५.३ महिने, गोळीची जोड दिल्यावर २१.७ महिने होतं. आजार मुळासकट जात नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. गोळ्या चालू असताना रक्ततपासणी मात्र चुकवू नका, प्लेटलेट उतरतात.